चतुराबाई आणि आजाऱ्याची टाकी

चिंचवड स्टेशनच्या पलीकडच्या त्या पत्र्याच्या चाळीत चतुराबाईंच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. नळाला पाणी आलं की पहिली घागर त्यांची, आणि दुसरी कुणाची हे ठरवणाऱ्याही त्याच. माहेर चाकणच्या बाजूचं, कांद्या-बटाट्याच्या रानातलं, बाप माळकरी. बाईंच्या पोटात म्हणून काही राहत नसे. मनात आलं की ते ओठावर, आणि ओठावर आलं की साऱ्या चाळीत.

नवरा अगदी उलटा, घुम्या. मारुतराव कंपनीत फिटर होते. हात सोन्याचा, पण दिवसभरात चार शब्द बोलले तर बोलले, आणि त्यातले तीन माशांशी.

हो, माशांशी! आता काय म्हणायचं या माणसाला? सगळं जग इथं पगारासाठी येऊन राहिलेलं. कुणी रेडिओ घेत होतं, कुणी सायकल. हा बाबा मात्र दोन खोल्यांच्या घरात समुद्र आणून बसला. झालं होतं असं, की युनियनची ट्रिप अलिबागला गेली होती. बाकीच्यांनी पँट वर दुमडून पाण्यात फोटो काढले, भेळ खाल्ली. मारुतराव खडकातल्या एका डबक्यापाशी उकिडवे बसले, ते बस सुटायच्या वेळी शोधून आणावे लागले. परत आल्यावर भंगारातल्या अँगलची चौकट झाली, तिला काचा बसल्या, एका जुन्या मोटरला पिस्टन जोडून हवेचा पंप तयार झाला. पाणी मात्र खरं समुद्राचंच लागे. ते आणायचा धोंडीबा. तो ट्रक ड्रायव्हर, मारुतरावांचा दोस्त. माल घेऊन मुंबईला जायचा आणि येताना प्लास्टिकच्या कॅनमध्ये समुद्र भरून आणायचा. मासे क्रॉफर्ड मार्केटातले.

"मारुतराव, कालवण कवा?" असं विचारून चाळीची हसून पुरेवाट व्हायची. चतुराबाई तर टाकीला सरळ सवत म्हणायच्या. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी नवरा कामावरून आला की चहाचा कप घेऊन टाकीपुढं बसायचा, आणि बाई आतून भांडी आपटायच्या. पण मारुतराव ढिम्म! भांड्यांचा आवाज या माणसाच्या कानापर्यंत कधी पोचलाच नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणात टाकीत रोग शिरला. नव्या आणलेल्या माशाला काही दिवस वेगळं ठेवायचं असतं. मारुतरावांनी घाई केली, आणि त्या नव्या माशानं आपला रोग सगळ्यांना दिला. माशांच्या अंगावर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके उठले. मासे दगडावर अंग घासायला लागले, धापा टाकायला लागले. बघता बघता सगळे गेले. उरला एक. तळहाताएवढा, चपटा, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. त्याला मारुतरावांनी स्वयंपाकाच्या खोलीत छोट्या टाकीत हलवलं. ती आजाऱ्याची टाकी. तिच्यात वाळू नाही, शंख नाही, दगड नाही, कारण दगड-शंख औषध पिऊन टाकतात. नुसती काच, पाणी, लपायला सिमेंटच्या पाइपाचा एक तुकडा, आणि पंपाची नळी. मोठी टाकी तशीच रिकामी ठेवली. तिच्यातला रोग उपाशी मेला पाहिजे, असं मारुतराव म्हणाले. ते एवढं लांब वाक्य बोलले म्हणूनच बाईंच्या लक्षात राहिलं.

औषध होतं मोरचूद. मोरचूद बाईंच्या चांगल्या ओळखीचा. बापाच्या रानात बटाट्यावर करपा पडला की मोरचूद-चुना कालवून फवारायचे, आणि आई पोरांना त्या डब्याच्या आसपास फिरकू द्यायची नाही. तेच निळं विष आता माशाच्या पाण्यात! कमी पडलं तर रोग जात नाही, जास्त पडलं तर मासाच जातो. मारुतराव बाटलीत पातळ करून ठेवलेलं ते पाणी ड्रॉपरनं थेंब थेंब सोडायचे, आणि त्या वेळी चतुराबाईंनासुद्धा बोलायची हिंमत होत नसे.

आणि मग एके दिवशी मारुतरावांनाच रक्ताची उलटी झाली. पोटात जुना अल्सर होता. दुखतं म्हणून हा माणूस कधी कुणाला बोलला असेल तर शपथ! पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं. रिक्षात बसवतानासुद्धा त्यांनी बाईंचा पदर धरून ठेवला आणि एकेक सांगितलं. थेंब रोज सकाळी, तेवढेच. पाणी कमी झालं तर वरून गोडं पाणी, मिठाचं नाही. कोलंबीचे तुकडे तांदळाएवढे. पितळेचं-तांब्याचं भांडं पाण्यात बुडवायचं नाही.

"आन् तुमच्यासाठी काय करायचं त्ये सांगा की!" बाई ओरडल्या.

"मासा तेवढा जगव," मारुतराव म्हणाले.

जगव म्हणे! माळकऱ्याच्या लेकीनं पिंपरी कॅम्पातल्या बाजारात नाकाला पदर लावून कोलंबी घ्यायची, घरी येऊन विळीवर तिचे तुकडे करायचे, आणि सवतीला भरवायची. बाई रोज त्या माशाला शिव्या घालत. "मेल्या, मुडद्या, खा की! तुझ्यापायी मी बाटले." आणि मासा पाइपातून बाहेर येऊन तुकडा गिळेपर्यंत काचेला नाक लावून उभ्या राहत.

दवाखान्यात पाऊल टाकलं की मारुतरावांचा पहिला प्रश्न ठरलेला. "खाल्लं का?" बाई सांगायच्या, खाल्लं. मग ते उठून बसायचे आणि चार घास पेज घ्यायचे. एके दिवशी माशानं तुकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाईंना खोटं बोलायची सवय नाही, त्यांनी तसंच सांगितलं. त्या दिवशी मारुतराव भिंतीकडं तोंड करून पडले, आणि संध्याकाळी त्यांना ताप भरला. दुसऱ्या दिवशी माशानं खाल्लं, आणि ताप उतरला.

झालं! बाईंच्या डोक्यात ते घट्ट बसलं. मासा आहे तोवर नवरा आहे. हे येड्यासारखं आहे, हे त्यांना कळत होतं. पण कळून काय उपयोग? सकाळी डोळे उघडले की चुलीआधी, देवाआधी टाकीकडं धाव. मासा पोहताना दिसला की छातीतला दगड उतरायचा. आणि पोटात राहत नसल्यामुळं हे सगळ्या चाळीला ठाऊक झालं. शेजारची शालनबाई सकाळी दारातूनच विचारायची, "चतुराक्का, हाय न्हवं?" शालनबाई लातूरकडची, तरणी, बोलायला मऊ. तिचा नवरा बबनराव मारुतरावांच्याच खात्यात.

अशात खंडेनवमी आली.

खंडेनवमीला कारखान्यांच्या सगळ्या पट्ट्यात यंत्रं थांबतात. कंपनीत आदल्या दिवशी मशिनी धुऊन पुसून तेल देऊन ठेवतात, सकाळी हार, हळदकुंकू, नारळ, पेढे. घरोघरी विळी, कोयता, सायकल, पाने-पकडी सगळं पाटावर मांडतात. आणि पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही. मारुतराव देवाधर्मात फारसे नसत, पण या एका सणाला त्यांना बोलावंसं वाटायचं. "वर्षभर राबतं बिचारं. येक दिस त्यालाबी सुट्टी," असं ते दरवर्षी म्हणायचे.

बाईंनी पहाटेच विळी घासली, शिलाई मशीन पुसलं, नवऱ्याचे पाने मांडले. माशाला थेंब दिले. ठिपके कमी झाले होते! पाठीवर चार-दोन राहिले असतील. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी शालनबाईला हाक मारून दाखवलं.

शालनबाई टाकीकडं बघून म्हणाली, "अक्का, पंपाची पूजा न्हाई केली? मारुतरावांच्या हातचं यंत्र हाय. त्याच्यावरच तर समदं चाललंय."

बाईंना ते एकदम पटलं. खरंच की! नवऱ्याच्या हातचं घरातलं एकुलतं एक यंत्र. दरवर्षी त्याची पूजा मारुतराव स्वतः करायचे, तेव्हा बाई पुरणात गुंतलेल्या असायच्या. ते पंप चालूच ठेवून त्याच्या मोटरला नुसतं कुंकवाचं बोट लावत, हे बाईंनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते नवऱ्याच्या तोंडचं वाक्य.

त्यांनी बटण बंद केलं. खटखट थांबली. बाईंनी मनापासून, आईनं लेकराचं अंग पुसावं तसा तो पंप पुसला. शिलाई मशीनला घालायची तेलाची कुपी आणली, पिस्टनच्या दांडीवर तेल सोडलं, वरच्या भोकातही सोडलं, कारण तेल दिल्याशिवाय यंत्राची पूजा कसली? हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. "बाबा, त्यांना घरी आण," एवढंच म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी आलं. पूजेतलं यंत्र आता उद्यापर्यंत हलवायचं नव्हतं. डबा घेतला आणि दवाखान्यात गेल्या.

मारुतराव त्या दिवशी पांढरेफटक दिसत होते. पोट कडक लागत होतं. "ठिपके कमी झाले," बाईंनी सांगितलं तेव्हा मात्र हसले. पंपाच्या पूजेचं बाईंच्या अगदी तोंडावर आलं होतं. पण घरी आले की फूल वाहिलेला पंपच दाखवू, म्हणून त्यांनी ते गिळलं. आयुष्यात एकदा बाईंनी जीभ आवरली, आणि तीही नको त्या दिवशी!

दुपारी घरी आल्या. दसऱ्याच्या दिवसांतलं ऊन, वर पत्रा, खोलीत भट्टी. बाईंनी टाकीकडं पाहिलं आणि हातातला डबा खाली पडला.

मासा पाण्याच्या वर तोंड काढून गटागटा हवा गिळत होता. कल्ले फडफडत होते. पट्टे फिके पडले होते. तो एका बाजूला कलायचा, सावरायचा, पुन्हा कलायचा.

"अगं आई गं!" बाई धावल्या, बटण दाबलं. पंप चालू झाला, नळीतून बुडबुडे आले आणि बुडबुड्यांबरोबर तेल. पाण्यावर रंगीबेरंगी तवंग पसरत गेला. मासा वर यायचा, तवंगाला तोंड लागलं की मागं फिरायचा. बाईंनी झटकन पंप बंद केला. काय केलं आपण हे त्यांना तेव्हा कळलं. 

"शालन! ए शालन! धाव गं!"

शालनबाई पिठाचे हात घेऊनच आली, पाठोपाठ बबनराव. बबनरावांनी पंप बघितला आणि म्हणाले, "खोलावा लागंल, वहिनी." पण पाने तर पूजेत! पाटावर हळदकुंकू वाहिलेले, फुलाखाली झाकलेले. बबनरावांनी बायकोकडं पाहिलं, बायकोनं पाटाकडं. हात कुणाचा पुढं होईना.

"माझ्या डोक्यावर पाप येऊ दे!" म्हणत चतुराबाईंनीच फूल बाजूला सारलं आणि पाना बबनरावांच्या हातात कोंबला.

पंप खोलला. आतलं चामड्याचं वॉशर तेलात बुडून मऊ पडलं होतं. बबनराव मान हलवून म्हणाले, "हे असंच चालवलं तर सगळं तेल पाण्यात जाईल. नवं वॉशर पाहिजे. आज दुकान कुठलं उघडं?"

बाईंनी पाण्यावर वर्तमानपत्राचे कागद अंथरून तवंग उचलायला सुरुवात केली. रश्श्यावरचा तेलाचा तवंग भाकरीच्या पदरानं टिपतात, तशी ती युक्ती सुचली. कागदामागून कागद. तवंग विरळ झाला, पण मासा धापा टाकतच होता. मग त्यांना आठवलं, लाइट गेली की मारुतराव टाकीतलंच पाणी उपसून उंचावरून परत टाकीत सोडत बसायचे. पाण्यात हवा मिसळते म्हणायचे. बाईंचा हात सवयीनं तांब्याकडं गेला आणि पोळल्यासारखा मागं आला. प्लास्टिकचा मग घेतला. भरायचा, उंच धरायचा, सोडायचा. भरायचा, उंच धरायचा, सोडायचा. थोड्या वेळानं मासा किंचित सरळ झाला. बाईंनी हात थांबवला की पुन्हा कलायला लागला.

"शालन, धोंडीबाला बोलाव. ताजं पाणी लागंल."

धोंडीबा चाळीच्या टोकालाच राहायचा. ट्रक दारात, समोर झेंडूचे हार, केळीचे खुंट, चाकाखाली लिंबू. तो दारात येऊन उभा राहिला आणि कळवळून म्हणाला, "वहिनी, एकबी कॅन शिल्लक न्हाई. समुद्र घाटाच्या खाली. आज पूजा झाली, गाडीचं चाक हलवत न्हाईत. माशापायी हलवू का आता? उद्या सीमोल्लंघन झालं की पहिल्यांदा तुमचंच पाणी आणतो."

"उद्या! उद्यापत्तर ह्यो ऱ्हातोय व्हय?" बाई किंचाळल्या. हातातला मग तसाच तोंडाशी धरून हमसून हमसून रडल्या, आणि रडता रडता पाणी ओतत राहिल्या. धोंडीबाला तिथं उभं राहवेना. मारुतरावांना प्रसादाचा पेढा तरी देऊन येतो, म्हणून तो सायकलवरून पिंपरीला गेला.

चाळीतल्या बाया एकेक करून दारात जमल्या. एरवी टाकीला हसणाऱ्यासुद्धा. समोरच्या खोलीतली कस्तुराही आली. ती बौद्ध, तिच्या घरी खंडेनवमी नव्हती, उद्याच्या धम्मचक्र दिनासाठी ती पांढरं लुगडं धुऊन वाळत घालत होती. तिनं ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "आक्का, जरा बसा. मी ओतते."

"नको. माझ्या हातानं झालंय, मीच निस्तरते."

हात भरून आला होता, खांदा ठणकत होता. बाईंना मगाचं वजन कळत नव्हतं आता. फक्त ते कल्ले दिसत होते, उघडत आणि मिटत. त्यांच्या मनात एकच घोकणं चाललं होतं: तू हाय तर ते हायत. तू हाय तर ते हायत. मेल्या, जाऊ नको.

सायकल दाराशी आदळल्याचा आवाज आला. धोंडीबा घामानं निथळत आत आला. पेढ्याचा पुडा तसाच हातात.

"वहिनी, चला. पोटात फुटलंय त्यांच्या. डाक्टर म्हणतात आत्ताच्या आत्ता कापायला पायजे. घरच्या माणसाची सही मागत्यात."

 चतुराबाईंचा हात वर होता, त्यातून पाण्याची धार पडत होती. त्या धारेकडं त्या बघत राहिल्या. थांबलं तर मासा जाईल, मासा गेला तर ते जातील. आणि आपण दवाखान्यात गेलो नाही, तर सहीवाचून ते जातील. बाईंना वाटलं आपण इथंच उभ्या जागी फुटून जाऊ.

"अक्का!" शालनबाईनं त्यांच्या हातातून मग काढून घेतला.

"शालन," बाईंनी तिचं मनगट धरलं. "मी येस्तवर थांबू नको. कायबी होऊ दे, हात थांबवू नको. तुला माझ्या गळ्याची आन हाय."

"न्हाई थांबवत. जावा तुमी."

धोंडीबानं ट्रकची काच झाकणारा हार ओढून काढला, चाकाखालचं लिंबू पायानं उडवलं आणि गाडी सुरू केली. माशासाठी न हललेलं चाक माणसासाठी हललं. बाई केबिनमध्ये धोंडीबाशेजारी बसल्या, आणि रस्ताभर एक शब्द बोलल्या नाहीत. धोंडीबा नंतर सांगायचा, की त्याला सगळ्यात जास्त भीती बाईंच्या त्या गप्प बसण्याचीच वाटली.

दवाखान्यात बाईंनी सही केली. मारुतरावांना स्ट्रेचरवरून नेत होते. बाई शेजारून धावत होत्या आणि मनात जुळवत होत्या, मासा कसाय म्हणाले की काय सांगायचं. खरं सांगायचं तर तोंड उघडत नाही, खोटं सांगायचं तर जीभ वळत नाही.

मारुतरावांनी डोळे उघडले. ओठ सुकलेले. त्यांनी बाईंकडं पाहिलं आणि विचारलं, "चतुरा, तू जेवलीस का?"

एवढंच. माशाचं नावसुद्धा काढलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं हा प्रश्न कधी विचारला नव्हता.  जायला निघालेला माणूसच असं बोलतो, दुसरं काय! "जेवले, जेवले," त्या म्हणाल्या. सकाळपासून पाण्याचा घोट पोटात नव्हता, आणि हे खोटं बोलताना जीभ जरासुद्धा अडली नाही. दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर त्या बसून राहिल्या. शहरात कुठंतरी ताशा वाजत होता. धोंडीबानं चहा आणला, तो गार झाला. बाईंना चाळीतली ती खोली दिसत होती. शालनचा हात थांबला तर नसेल? पोर तरणी, कंटाळली तर? चुलीवर काही उतू गेलं म्हणून उठली तर? त्या मनातल्या मनात तिला ओरडत होत्या, ओत गं, ओत. त्यांचा स्वतःचा उजवा हात मांडीवर नकळत वरखाली होत होता. शेजारच्या बाकावरची म्हातारी ते बघत होती.

ऊन कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, कपाळावर घाम. "वेळेवर झालं," ते म्हणाले. "आतलं शिवलंय. अजून दोन-चार दिवस जपायला लागेल, पण धोका टळलाय. बघता येईल थोड्या वेळानं."

बाईंनी त्यांचे पायच धरले. डॉक्टर मागं सरकले, अहो काय करताय म्हणाले. मग बाईंनी दारातून नवऱ्याला पाहिलं. गुंगीत होते, छाती हलत होती. ती छाती हलताना त्यांनी पोटभर बघून घेतली.

"चल," त्या धोंडीबाला म्हणाल्या. "शालनला सांगायला पायजे."

चाळीत दिवे लागले होते. ट्रक थांबायच्या आधीच बाईंना आवाज ऐकू आला. पाणी पडल्याचा. त्यांच्या खोलीतून, थांबून थांबून, पण येतच होता. दारात चपलांची गर्दी. आत सणाच्या साड्या नेसलेल्या सात-आठ बाया भिंतीला टेकून बसलेल्या, कुणाच्या मांडीवर पोर झोपलेलं. टाकीशी शालनबाई. तिचा उजवा हात सुजला होता, म्हणून ती डाव्या हातानं मग उचलत होती. जमिनीवर पाणीच पाणी.

 शालनबाईनं मान वळवली, पण हातातला मग थांबवला नाही. "मारुतराव?" तिनं विचारलं.

"वाचले," चतुराबाई म्हणाल्या. "शिवलं पोट. डाक्टर म्हणाले, धोका टळला."

शालनबाईच्या हातातला मग गळून पडला. तिनं पदर तोंडात कोंबला आणि हुंदके देऊन रडायला लागली. कस्तुरा रडायला लागली, भिंतीपाशी बसलेल्या बाया डोळे टिपायला लागल्या. बाईंना आधी वाटलं, आनंदानं रडतायत. त्या हसत हसतच टाकीपाशी गेल्या आणि खाली वाकल्या.

मासा तळाशी, पाइपाच्या तुकड्याला टेकून आडवा पडला होता. पट्ट्यांचा रंग उडाला होता. डोळ्यावर पांढरी साय आली होती. पाण्याबरोबर तो नुसता हलत होता, पाणी थांबलं तसं तेही थांबलं.

"कवा गेला गं?" बाईंनी विचारलं.

 कस्तुरानं सांगितलं, "तुमची गाडी स्टेशनापत्तर पोचली नसंल, आक्का, तेव्हाच."

"तेव्हाच?" बाई त्या सगळ्यांकडं बघत राहिल्या. "मग दुपारपास्नं कशाला ओतत बसलात?"

"तुमी म्हणला व्हता, हात थांबवू नको," शालनबाई म्हणाली. "तिकडं ते आत व्हते, अक्का. हिकडं आमी मग खाली ठेवायचा म्हंजे... कुणाची छातीच हुईना. येकीचा हात दुखला की दुसरी घ्यायची. तुमी येऊन सांगेस्तवर कोन थांबवणार?"

 चतुराबाई तशाच ओल्या जमिनीवर शालनबाईजवळ बसल्या, तिचा सुजलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि खांद्यापासून हळूहळू दाबायला लागल्या.